परीकथेच्या तासाला तात्पर्याची सक्ती कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुटी संपून स्नेहसंमेलनांचे आणि आंतरशालेय स्पर्धांचे दिवस जवळ आले, की पुण्यातील प्राथमिक शाळांत कथाकथन स्पर्धांची नियमपत्रके येऊ लागतात. यंदा आमच्याकडे आलेल्या अशाच एका पत्रकात उच्चार, हावभाव आणि पाठांतर यांच्या जोडीला ‘तात्पर्य’ या शीर्षकाखाली स्वतंत्र गुण ठेवलेले असून, ज्या कथांत फसवणूक, हिंसा किंवा भीतिदायक प्रसंग आहेत त्या निवडू नयेत, अशी सूचनाही आहे. आयोजकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु या दोन अटी एकत्र लावल्या, तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या लोककथा आणि परीकथा यांपैकी बहुतेक साऱ्या स्पर्धेबाहेर राहतील. आणि स्पर्धेत जे चालत नाही ते हळूहळू वर्गातूनही बाद होते, हा आम्हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी शहरातील अशाच एका स्पर्धेत आमच्या शाळेतील दुसरीच्या एका मुलीने म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली. गोष्ट घरोघरी ठाऊक असलेली आहे. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला रानात वाघ आणि कोल्हा अडवतात, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा, असे सांगून ती सुटते, आणि परतताना भोपळ्यात बसून त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जाते. मुलीने गोष्ट ठसक्यात सांगितली. परीक्षकांनी विचारले, “यातून आपण काय शिकलो?” तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “आजी घरी पोचली.” सभागृहात हशा पिकला आणि तात्पर्याचे गुण गेले. नंतर आम्हाला असे समजावून सांगण्यात आले, की या कथेतील वृद्धा दिलेला शब्द पाळत नाही, तेव्हा मूल्यशिक्षणाच्या दृष्टीने ही निवड योग्य नव्हती. बक्षिसाचे सोडा, परंतु भुकेल्या वाघाला दिलेला शब्द म्हातारीने पाळायला हवा होता, अशी अपेक्षा जर आपण सात वर्षांच्या मुलांपुढे ठेवणार असू, तर गोष्ट या प्रकाराविषयी आपल्या मनात काही तरी घोटाळा झाला आहे, असे मला वाटते.

हा घोटाळा मुख्यतः दोन निराळ्या जातींच्या कथा एकाच मापाने मोजण्यामुळे होतो. पंचतंत्रात विष्णुशर्मा राजपुत्रांना गोष्टी सांगतो तो त्यांना नीती आणि व्यवहार शिकवण्यासाठीच. तिथे बोध हा कथेच्या रचनेचाच भाग आहे. इसापनीतीचेही तसेच. श्रावणातल्या कहाण्यांत तर वसा कसा घ्यावा, कसा पाळावा आणि उतू नये, मातू नये हे स्पष्ट शब्दांत सांगितलेले असते. याउलट ज्यांना आपण परीकथा किंवा अद्भुत कथा म्हणतो, त्या कुणाला शहाणे करण्यासाठी जुळवलेल्या नसतात. एक दुबळे माणूस संकटात सापडते, त्याला वाट सापडते, आणि ते सुखरूप परत येते, एवढाच त्यांचा व्यवहार असतो. ‘आजी घरी पोचली’ हे त्या मुलीचे उत्तर म्हणूनच मला अगदी नेमके वाटते. तिला गोष्ट कळली होती.

म्हातारी खोटे बोलली की नाही, हा प्रश्न मुलांना पडत नाही असे समजण्याचे मात्र कारण नाही. तो पडतो आणि मुले तो मोठ्यांपेक्षा बारकाईने हाताळतात. माझ्या वर्गात यावरून चांगलाच वाद रंगला होता. एक मुलगी म्हणत होती, की प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस. त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, “बाई, वाघाने तिला कुठं विचारलं होतं? तो डायरेक्ट खातोच म्हणाला.” तिसऱ्याचा मुद्दा तर वकिलाला शोभणारा होता. म्हातारी म्हणाली होती जाडजूड झाल्यावर खा. लेकीने तूपच वाढले नसेल तर ती जाडजूड झालीच नसेल, मग शब्द मोडला कुठे? हा वाद मी मिटवला नाही. शिक्षकाने शेवटी उभे राहून ‘तर मुलांनो, यावरून आपल्याला कळते की’ असे म्हटले, की इतका वेळ विचार करणारी मुले पुन्हा वही उघडून लिहून घेऊ लागतात, हे कोणत्याही वर्गशिक्षिकेला ठाऊक आहे.

तात्पर्य गोष्टीपेक्षा किती लवकर शिळे होते, याचे एक ठळक उदाहरण युरोपातच आहे. लाल टोपीवाल्या मुलीची आणि लांडग्याची जी गोष्ट आज पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांतही सांगितली जाते, ती फ्रान्समध्ये शार्ल पेरोने १६९७ साली छापली तेव्हा तिच्यात मुलीला सोडवायला कुणीही येत नाही. लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते. तिच्याखाली पेरोने पद्यात तात्पर्यही जोडले आहे, आणि ते तरुण मुलींना गोडबोल्या लांडग्यांपासून सावध करणारे, म्हणजे त्या काळच्या प्रतिष्ठित समाजाला उद्देशून लिहिलेले आहे. पुढे जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली आपला संग्रह काढला, त्यात शिकारी येऊन लांडग्याचे पोट कापतो आणि मुलगी व आजी जिवंत बाहेर येतात. तीन शतकांत ही गोष्ट जगभर पोचली. पेरोचे ते पद्य आज अभ्यासकांखेरीज फारसे कुणाला आठवत नाही.

आता भीतिदायक प्रसंग गाळण्याविषयी. मोठ्यांनी परीकथांत केलेली काटछाट ही काही नवी गोष्ट नाही, आणि तिचे परिणाम नेहमी चांगलेच झाले असेही नाही. ग्रिम बंधूंच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई आहे, आणि हान्सेल व ग्रेटेल यांना रानात सोडून देण्याचा हट्ट धरणारीही सख्खीच आई आहे. सातवी आणि अखेरची आवृत्ती १८५७ साली निघाली, तोवर या दोघीही सावत्र झालेल्या होत्या. आईची प्रतिमा जपण्यासाठी केलेल्या या बदलाने दुसऱ्या एका नात्यावर कायमचा ठपका ठेवला. आमच्या वर्गांत सावत्र आईबरोबर सुखाने राहणारी मुले असतात, आणि गोष्टीत ती दुष्ट बाई आली की त्या मुलांकडे वळणाऱ्या इतरांच्या नजरा आम्हाला दिसतात. तेव्हा ‘मुलांसाठी सौम्य केलेली’ म्हणून जी आवृत्ती आपल्या हाती येते, ती कुणाच्या सोयीसाठी सौम्य केलेली आहे, हे शिक्षकाने तपासून पाहायला हवे. हिमगौरीच्या गोरेपणाचे कौतुकही मला दुसरीच्या वर्गात करवत नाही. अशा वेळी गोष्टीत फेरफार करण्याऐवजी मी ती त्या वयाला सांगतच नाही. दुसऱ्या हजार गोष्टी आहेत. पाचवी-सहावीत मात्र दोन्ही आवृत्त्या पुढे ठेवून, आई सावत्र का केली असेल, असे विचारता येते, आणि त्या तासाला मुलांना गप्प करणे हेच मोठे काम होऊन बसते.

परंतु वाघाचा मित्र करणे, लांडग्याला शाकाहारी करणे, राक्षसाने शेवटी क्षमा मागणे, हे जे प्रकार हल्ली मोबाइलवरील चित्रफितींत आणि चकचकीत पुस्तकांत दिसतात, त्यांचे समर्थन मला करता येत नाही. वाघ खाणार नसेल तर म्हातारीला भोपळ्याची गरजच काय? भीती काढून घेतली की युक्तीही जाते, आणि सुटकेचा आनंदही जातो. शिवाय ही भीती मुले एकटी भोगत नसतात. आपल्या ओळखीच्या बाई समोर बसलेल्या असतात, त्यांचा आवाज कुठे खाली आणायचा आणि कुठे थांबायचे हे त्या मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहून ठरवतात. एखादे मूल कानांवर हात ठेवते आणि बोटांच्या फटीतून ऐकतही असते. पडद्यावरचा वाघ कुणाच्या चेहऱ्याकडे पाहून थांबत नाही. म्हणून गोष्टीच्या तासाला प्रोजेक्टर लावण्याचा आग्रह जेव्हा धरला जातो, तेव्हा मी शक्यतो तो टाळते.

गोष्ट पूर्ण सांगून झाल्यावर तिचा अभ्यासात उपयोग करावा की करू नये, याविषयीही मतभेद आहेत. काही जणांना त्यामुळे गोष्ट नासते असे वाटते. पहिल्या दिवशी केवळ ऐकायचे, त्या दिवशी प्रश्न नाहीत, चित्र नाही, कृतिपत्रिका तर नाहीच, एवढे पथ्य पाळले तर ती नासत नाही, असे माझे मत आहे. भोपळ्याच्या गोष्टीचेच घ्या. आमच्या वर्गात कर्नाटकातून आणि बिहारमधून आलेल्या बांधकाम मजुरांची मुले आहेत, ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही. लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, ही म्हातारीची ओळ प्रत्येक प्राण्यापुढे येते आणि सारा वर्ग ती एका सुरात म्हणतो. भविष्यकाळाचे हे रूप तक्ता लावून शिकवताना जी मुले अडखळतात, तीच मुले चार दिवसांनी मधल्या सुटीत ‘मी पण येईन, मी पण खेळीन’ असे सहज म्हणताना ऐकू येतात. जाईन-खाईन-होईन हा ठेका त्यांच्या जिभेवर बसलेला असतो.

त्याच आठवड्यात मी मंडईतून एक चांगला मोठा लाल भोपळा आणला. आजी यात मावेल का, हा प्रश्न मुलांचाच. त्यांनी सुतळीने त्याचा घेर मोजला, मग त्याच सुतळीने एकमेकांच्या कमरा मोजल्या, आणि आजी तर सोडाच, आपल्यातले सर्वांत बारके मूलही यात बसणार नाही, असा निष्कर्ष काढला. भोपळा शाळेच्या रॅम्पवरून सोडला, तेव्हा तो सरळ न जाता एका अंगाला वळत वळत जाऊन भिंतीला टेकला. टुणूक टुणूक असे काही झाले नाही, याचे मुलांना फार वाईट वाटले. त्यावरून गोल वस्तू सरळ केव्हा जाते आणि भोपळा का वळतो, हे बोलणे निघाले. सुकवून पोकळ केलेला भोपळा किती हलका होतो, पोहायला शिकताना तो पाठीला कसा बांधत असत, मिरजेला त्याचेच तंबोरे कसे बनतात, हे परिसर अभ्यासाच्या पुस्तकात न शोधता सांगता आले. (भोपळ्याची पुढे पोषण आहाराच्या मावशींनी भाजी केली. एरवी भोपळ्याकडे न पाहणाऱ्यांनी ती मागून घेतली.)

यानंतर मुलांना घरी जाऊन हीच गोष्ट आजी-आजोबांना किंवा आई-वडिलांना विचारायला सांगितले. मोजक्या घरी ‘आम्हाला नाही येत’ असे उत्तर मिळाले; बाकीच्यांनी जे आणले ते ऐकण्यासारखे होते. कुणाकडे वाघ आणि कोल्हा, कुणाकडे त्यांच्या जोडीला अस्वल. कुठे तूपरोटी, कुठे दूध-साय, कुठे पुरणपोळी. एका घरी शेवटी भोपळा फुटतो आणि म्हातारी वाघाच्या डोळ्यांत राख फेकून पळते. मग मी त्यांना सांगितले, की बंगालमध्येही हीच म्हातारी गडगडत येते आणि तिकडे तिला वाचवायला तिचे कुत्रे धावून येतात. इराणमध्येही ती लेकीच्या घरी जाते, तिला लांडगा, बिबळ्या आणि सिंह अडवतात, आणि तीसुद्धा भोपळ्यातच बसून परतते. नकाशावर पुणे, कोलकाता आणि तेहरान शोधायला त्यानंतर कुणाला सांगावे लागले नाही. दोन गोष्टींत सारखे काय आणि निराळे काय, हे मांडणे भाषेच्या अभ्यासात एरवी चौथी-पाचवीलाही जड जाते.

मोठ्या मुलांसाठी पुण्याच्या परिसराशी जोडलेला एक ठेवा आपल्याकडे आहे, आणि त्याकडे शाळांचे लक्ष जावे असे मला मनापासून वाटते. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची जी मुख्य इमारत आहे, ती मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान म्हणून बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत बांधायला घेतली गेली. याच फ्रियर यांची मुलगी मेरी हिने आपली आया ॲना लिबराता डिसूझा हिच्याकडून ऐकलेल्या गोष्टी ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने १८६८ साली लंडनला प्रसिद्ध केल्या. ॲनाने त्या आपल्या आजीकडून ऐकलेल्या होत्या. त्यातल्या पहिल्याच गोष्टीत एका जादूगाराचा प्राण दूर रानात, ताडांच्या वर्तुळाच्या मध्यभागी, एकावर एक रचलेल्या पाण्याच्या सहा घागरींखाली असलेल्या पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात असतो. आपल्याकडच्या ‘राक्षसाचा प्राण पोपटात’ या गोष्टीचेच हे रूप. त्याच संग्रहात राजकन्येच्या हरवलेल्या जोड्यावरून तिचा शोध लागण्याची गोष्टही आहे, म्हणजे सिंड्रेलाची दूरची बहीण. स्नेहसंमेलनात सिंड्रेला बसवायला कुणाची हरकत नसावी. तिच्या शेजारी ही दख्खनची मुलगीही असावी, एवढेच.

पोपटाची ही गोष्ट मी चौथीला सांगते आणि मग मुलांना न पाहता त्या जागेचा नकाशा काढायला सांगते. ऐकलेल्या मजकुरातून दिशा, क्रम आणि अंतर शोधून कागदावर उतरवणे हे काम चांगलेच कठीण आहे. सहाव्या घागरीखाली पिंजरा म्हणजे सहाही घागरी आधी उतरवाव्या लागतील, हे ज्याला सुचते तो त्या दिवशीचा नायक ठरतो. गोष्टीच्या शेवटी राजपुत्र पोपटाचा एकेक अवयव तोडतो आणि तिकडे जादूगाराचा तोच अवयव गळून पडतो. हे मी गाळत नाही. त्यावर एका मुलाने विचारले होते, की जादूगार वाईट होता, पण पोपटाने काय केले होते? या प्रश्नासाठी मूल्यशिक्षणाचा वेगळा तास लागला नाही, आणि तो प्रश्न माझ्या तोंडून आला असता तर त्याला काही किंमतही उरली नसती.

यात नवे असे काही नाही, याचीही नोंद करायला हवी. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला शंभर वर्षांपूर्वी बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात गोष्टीला मध्यवर्ती स्थान होते आणि ती प्रथम आनंदासाठी सांगावी, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले, हा तर महाराष्ट्राचाच वारसा आहे. २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही गोष्टी, गाणी आणि खेळ यांना शिकण्याची साधने म्हणून मान्यता दिलेली आहे. म्हणजे कागदावर सारे अनुकूलच आहे. अडते ते तासाच्या शेवटी फळ्यावर काही तरी लिहिलेले दिसले पाहिजे, या सवयीपाशी.

म्हणून स्पर्धांच्या आयोजकांना माझी विनंती अशी, की तात्पर्याचे गुण काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी मुलाने ही गोष्ट कुणाकडून ऐकली व ती कुठल्या गावाकडची आहे, हे सांगण्यासाठी गुण ठेवावेत. त्यामुळे पाठ करून घेतलेल्या तयार भाषणांची संख्याही आपोआप कमी होईल. नीतिकथांसाठी हवा तर स्वतंत्र गट करावा. परीक्षकांनी गोष्ट संपल्यावर विचारायचेच असेल, तर तुला यातला कोणता भाग सांगायला आवडला, असे विचारावे. फसवणूक आणि भीती यांविषयीची सूचना सरसकट न ठेवता, वयोगटाला न झेपणारी हिंसा नसावी, एवढीच ठेवावी आणि निवड शिक्षकांवर सोपवावी. आपल्या वृत्तपत्राच्या मुलांच्या पानावर लोककथा छापताना सांगणाऱ्या आजीचे किंवा आजोबांचे गाव तळाशी दिले गेले, तर वर्गात तुलनेसाठी आम्हाला त्याचा फार उपयोग होईल. यंदाच्या बहुतेक स्पर्धांच्या प्रवेशिका अजून मागवल्या जात आहेत, त्यामुळे नियमपत्रकात हा बदल करायला पुरेसा अवधी आहे.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
कोथरूड, पुणे